केबल गेली नव्हती

१० जून २००७, रविवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजत आले होते. एचबीओवर ‘द सोप्रानोज’ या मालिकेचा ८६वा, म्हणजे अगदी शेवटचा भाग संपत आला होता आणि सुमारे १ कोटी १९ लाख लोक तो बघत होते. न्यू जर्सीतल्या माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो एका साध्याशा दुकानात बसलाय. समोर बायको आणि मुलगा आहेत, मुलगी बाहेर गाडी लावतेय. दाराची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. गाणं ओळीच्या मध्येच तुटतं.

पुढच्या दहा सेकंदांत कित्येक घरांमध्ये जवळजवळ सारखंच घडलं. कुणी रिमोट शोधला, कुणी उठून केबलच्या डब्यावरचा दिवा बघितला, कुणी मागची वायर काढून पुन्हा घातली. कुणी केबल कंपनीच्या नावाने बोटं मोडत फोन उचलला. त्याच काळात आपल्याकडे ऐन मॅचच्या वेळी चित्र गेलं की खिडकीतून शेजारी आवाज जायचा, ‘तुमच्याकडे येतंय का हो?’ तेच तिथे फोनवरून विचारलं गेलं. तेवढ्यात काळ्यावर पांढरी नावं वर सरकायला लागली, तीही मुकाट, संगीताशिवाय. मालिका संपली होती.

त्यानंतर आला राग. आठ वर्षं सोबत केलेल्या माणसाचं काय झालं हेच सांगितलं नाही, फसवणूक केली, लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून दिवा मालवून निघून गेला, असं लोक तावातावाने बोलत राहिले. एचबीओच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी झाली की ते कोलमडलं. पुढच्या काही दिवसांत रागाची जागा तपासाने घेतली आणि तो तपास आजही संपलेला नाही.

या तिन्ही प्रतिक्रियांमध्ये पहिलीची सगळ्यांत जास्त टिंगल झाली. ‘केबल गेली असं वाटलं’ म्हणणारे भोळे आणि ज्यांनी घंट्या मोजल्या, नजरांचे कोन तपासले ते जाणकार, अशी वाटणी आपोआप होऊन बसली. मला ही वाटणी मान्य नाही. वायर हलवायला उठलेल्या प्रेक्षकाने तो प्रसंग जसा लागायला हवा होता तसाच झेलला. तो हात रिमोटकडे जावा अशीच त्या पाच मिनिटांची बांधणी आहे, आणि ती बांधणी टप्प्याटप्प्याने उलगडून बघण्यासारखी आहे.

हा भाग मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शितही केला. दिग्दर्शन त्याने याआधी फक्त पहिल्या भागाचं केलं होतं. शेवटचा प्रसंग चित्रित झाला ब्लूमफील्ड गावातल्या ‘होल्स्टेन्स’ या आइस्क्रीम आणि चॉकलेटच्या जुन्या दुकानात. जागा मुद्दाम निवडलेली आहे. मालिकेत खून होतात ते बहुतेक बारमध्ये, गाडीत, जंगलात, मांसाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. इथे आजूबाजूला प्रेमी जोडपी आणि स्काउटचा गणवेश घातलेली मुलं आहेत.

टोनी आत येतो, बसतो आणि टेबलावरच्या छोट्या ज्यूकबॉक्सची पानं उलटून एक गाणं निवडतो. जर्नी या बँडचं १९८१ सालचं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ हे गाणं अमेरिकेत लग्नाच्या मेजवानीपासून बेसबॉलच्या मैदानापर्यंत सगळीकडे वाजतं. इथून पुढे संकलनाचा एक ठेका सुरू होतो. दाराला घंटी आहे. कुणी आत आलं की ती वाजते. घंटी वाजली की टोनीचा चेहरा दिसतो, तो वर बघतो आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये त्याला जे दिसतंय ते आपल्याला दिसतं. घंटी, चेहरा, नजर. पुन्हा घंटी, चेहरा, नजर. कुणीतरी अनोळखी आत येतं, मग बायको कार्मेला येते, मग एक राखाडी जॅकेटवाला माणूस आणि त्याच्या पाठोपाठ मुलगा एजे. दर वेळी तोच क्रम. हा ठेका कुणी मुद्दाम लक्षात ठेवत नाही, तरी तो अंगात भिनतो. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत घंटी वाजली की पुढे काय दिसणार याची डोळ्यांना सवय झालेली असते.

संवाद बघावेत तर काहीच घडत नाही. कार्मेला विचारते, आज इथे चांगलं काय आहे? टोनी सांगतो, आपला एक माणूस साक्षीदार होतोय. टोनीवर खटला भरला जाण्याची शक्यता ८० ते ९० टक्के असल्याचं वकिलाने याच भागात आधी सांगितलेलं आहे, म्हणजे हे वाक्य फार मोठं आहे, पण ते मेन्यूकार्ड चाळता चाळता येतं. एजे आपल्या नव्या नोकरीची कुरकुर करतो आणि बापालाच बापाचं जुनं वाक्य ऐकवतो की चांगले क्षण तेवढे आठवावेत. हे वाक्य १९९९ साली पहिल्या सीझनच्या शेवटी, वादळाच्या रात्री अशाच एका हॉटेलात कुटुंबाला घेऊन बसलेल्या टोनीने म्हटलं होतं. टोनीला ते आठवतही नाही. अनियन रिंग्जची टोपली येते आणि तिघंही एकेक रिंग अख्खीच्या अख्खी तोंडात ठेवतात, चर्चमध्ये प्रसाद घ्यावा तशी.

मग ताण येतो कुठून? बराचसा बाहेरून. मुलगी मेडो उशिरा पोहोचलीय आणि तिला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावता येत नाहीये. चाक फुटपाथच्या कडेला घासतं, ती गाडी पुढे घेते, पुन्हा मागे घेते, पुन्हा फसते. तिसऱ्या प्रयत्नात जमतं. एरवी कुठलाही संकलक हे पार्किंग दोन सेकंदांत उरकेल. इथे स्टिअरिंग, चाक, मेडोचा वैतागलेला चेहरा असं सगळं तब्येतीत दाखवलंय, आणि प्रत्येक वेळी परत दुकानात कापलंय, जिथे तो राखाडी जॅकेटवाला काउंटरवर बसून एकदा टोनीच्या दिशेने बघतो आणि मग उठून स्वच्छतागृहात जातो. माफियाच्या गोष्टी बघणाऱ्या माणसाला १९७२च्या ‘गॉडफादर’मधलं स्वच्छतागृह आठवतंच, तिथे पिस्तूल लपवलेलं असतं. कार्मेला आणि एजे एका बाजूला बसलेत. टोनीच्या शेजारची जागा रिकामी आहे, ती मेडोची. गाडी पहिल्याच प्रयत्नात लागली असती तर ती आता तिथे बसलेली असती. मला या प्रसंगातली सगळ्यांत निर्दय गोष्ट हीच वाटते.

मेडो रस्ता ओलांडून धावत येते. घंटी वाजते. टोनीचा चेहरा वर येतो. गाण्यातला ‘स्टॉप’ हा शब्द ऐकू येतो. आता ठेक्याप्रमाणे टोनीला जे दिसतं ते दिसायला हवं.

इथे आवाजाचं काम बारकाईने बघायला हवं, कारण केबल गेल्यासारखं वाटलं ते मुख्यतः आवाजामुळे. पडद्यावर आपण ज्याला शांतता म्हणतो ती खरी शांतता कधीच नसते. खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो: पंख्याची घरघर, लांबची वाहतूक, भांड्यांची किणकिण. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प करून अर्धा-एक मिनिट हा आवाज वेगळा टिपून ठेवतो आणि संवादांच्या मधल्या फटी त्याने भरल्या जातात. प्रसंग संपतानाही आवाज एकदम तोडत नाहीत. चित्र कापल्यावर गाण्याची शेपटी थोडी पुढे ओढतात किंवा पुढच्या प्रसंगाचा आवाज आधीच सुरू करतात. प्रेक्षकाला हे कळत नाही, पण त्याचा कान या गोष्टीला आयुष्यभर सरावलेला असतो.

होल्स्टेन्समध्ये गाणं, गप्पा, प्लेटा, पावलं हे सगळं एकाच वेळी चालू आहे, आणि ते सगळं चित्राबरोबर एकाच फ्रेमवर बंद होतं. अंधार हळूहळू दाटत येत नाही, आवाज विरत नाही, खोलीचा आवाजही मागे उरत नाही. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर जवळजवळ २४० फ्रेम निव्वळ काळं आणि निव्वळ निःशब्द. टीव्हीवर असं फक्त एकाच कारणाने होतं, ते म्हणजे बिघाड. डिजिटल केबलच्या त्या काळात सिग्नल तुटला की चित्राचे चौकोन पडायचे नाहीतर थेट काळोख व्हायचा, आणि दोन्ही वेळा आवाजही जायचा. ज्यांनी भाग रेकॉर्डला लावला होता त्यांचा संशय वेगळा होता. कार्यक्रम ठरल्या वेळेपेक्षा थोडा जरी लांबला तरी रेकॉर्डर घड्याळाप्रमाणे थांबतो आणि शेवट कापला जातो. तेव्हा उठलेल्या माणसाचा तर्क चोख होता. त्याच्यासमोर जे पुरावे होते त्यांवरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

चेसच्या मनात तर याहून कडक गोष्ट होती. श्रेयनामावली मुळीच नको, तेवढा सगळा वेळ पडदा काळाच राहू दे आणि शेवटी एकदम एचबीओचं बोधचिन्ह येऊ दे, असं त्याला हवं होतं. दिग्दर्शकांच्या संघटनेने नियमातून सूट दिली नाही. ती मिळाली असती तर त्या रात्री केबल कंपन्यांचे फोन आणखी कितीतरी वेळ वाजत राहिले असते.

रागाबद्दल बोलायचं तर तो समजण्यासारखा आहे, पण तो कशातून आला हे नीट बघायला हवं. याच भागात थोडं आधी टोनीचा शत्रू फिल लिओटार्डो पेट्रोल पंपावर मारला जातो. गोळी लागून तो खाली पडतो, आणि चालू राहिलेली गाडी, आत नातवंडं असलेली, हळूच पुढे सरकून त्याच्या डोक्यावरून जाते. बघ्यांपैकी एकाला तिथेच उलटी होते. घराघरांत मात्र टाळ्या पडल्या. म्हणजे शेवट कसा असतो, तो किती स्पष्ट दाखवता येतो, हे चेसने तासाभराच्या आतच दाखवलं होतं. तसंच काहीतरी टोनीचं बघायला मिळेल, किंवा तो सहीसलामत सुटलेला दिसेल, या आशेने लोक बसले होते. नंतरच्या एका मुलाखतीत चेस त्यावर चांगलाच चिडलेला दिसतो. इतकी वर्षं ज्याच्या चोऱ्या, खून, बाहेरख्यालीपणा मिटक्या मारत पाहिला, त्याचंच रक्त शेवटी सांडायला हवं असा प्रेक्षकांचा हट्ट त्याला किळसवाणा वाटला. मला त्याचा संताप पटतो, पण पूर्ण नाही. शेवट मागणं हा प्रेक्षकाचा गुन्हा नव्हे. गोष्ट सांगणाऱ्याने आठ वर्षं ती मागणी स्वतःच जोपासलेली असते.

आता तपासाकडे. ‘टोनी मेला’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. घंटी, चेहरा, नजर या ठेक्यात शेवटची नजर काळी आहे, म्हणजे टोनीला काहीच दिसत नाही. याच शेवटच्या टप्प्याच्या पहिल्या भागात, ८ एप्रिल २००७ रोजी, टोनी आणि त्याचा मेहुणा बॉबी तळ्यावर नावेत बसून बोलत असतात आणि बॉबी म्हणतो की ती वेळ येते तेव्हा बहुधा ऐकूसुद्धा येत नाही. शेवटून दुसऱ्या भागात, ३ जूनला, हाच तुकडा टोनीच्या आठवणीत पुन्हा दाखवला. मध्ये १५ एप्रिलच्या भागात टोनीचा साथीदार सिल्व्हिओ हॉटेलात जेवत असताना त्याच्या समोरच्या माणसाला गोळी घालतात. तिथे आजूबाजूचा आवाज दबतो, सिल्व्हिओच्या चेहऱ्यावर रक्त उडतं आणि मग त्याला कळतं की काहीतरी झालंय. शेवटच्या प्रसंगाचा हा जणू सराव होता, फक्त शेजारी बसलेल्या माणसाच्या बाजूने.

जॅकेटचाही धागा आहे. श्रेयनामावलीत त्या माणसाला नाव नाही, ‘मेंबर्स ओन्ली जॅकेटमधला माणूस’ एवढंच लिहिलंय; ‘मेंबर्स ओन्ली’ हा जॅकेटचा एक ब्रँड. सहाव्या सीझनच्या पहिल्या भागाचं शीर्षक ‘मेंबर्स ओन्ली’च होतं आणि त्यात तसंच जॅकेट वापरणारा टोनीचा माणूस युजीन एका साध्या खाणावळीत जेवत बसलेल्या माणसाला ठार करतो.

पण तपासाच्या भरात लोक वाहवतही गेले. पहिल्याच आठवड्यात ईमेलवरून एक माहिती फिरली: जॅकेटवाला हा फिलचा पुतण्या, तो आधीच्या भागात येऊन गेलाय, दुकानातली इतर गिऱ्हाइकंही टोनीचे जुने वैरी आहेत. हे सगळं खोटं होतं. असा कुठलाही पुतण्या श्रेयनामावलीत नाही. तरी लाखो लोकांना ते पटलं, कारण त्याने गणित सुटत होतं. नजरेच्या सिद्धांतातही एक फट आहे आणि ती मान्य करायला हवी. मेडोचं पार्किंग टोनीला दिसत नाही, आपल्याला दिसतं. म्हणजे प्रसंग पूर्णपणे टोनीच्या डोळ्यांतून सांगितलेला नाही, कॅमेरा मध्येच त्याला सोडून रस्त्यावर जातो. काळोख टोनीचा असेल तर तो आपलाही आहे, आणि ज्याने उठून वायर हलवली त्याच्या तो खऱ्या अर्थाने वाट्याला आला. चाललेलं सगळं पूर्वसूचनेशिवाय बंद पडणं म्हणजे काय, हे त्याला दहा सेकंद कुठल्याही स्पष्टीकरणाविना अनुभवायला मिळालं. घंट्या मोजणारे त्या जागी दुसऱ्या-तिसऱ्यांदा बघताना पोहोचले, तेव्हा काळोख कधी येणार हे त्यांना माहीत होतं.

चेसने स्वतः काय सांगितलं? सुरुवातीला काहीच नाही. भाग लागला तेव्हा तो फ्रान्समध्ये होता. नेवार्कच्या ‘स्टार-लेजर’ला, म्हणजे टोनी रोज सकाळी गाऊन घालून अंगणातून उचलतो त्याच वर्तमानपत्राला, त्याने मुलाखत दिली आणि जे पडद्यावर आहे त्यात भर घालायची किंवा त्याचं समर्थन करायची आपली इच्छा नाही, एवढं सांगून थांबला. २०१५ साली दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियतकालिकात त्याने हा प्रसंग शॉटगणिक समजावून सांगितला, तरी मूळ प्रश्नाला बगल दिली. २०१९ साली आलेल्या मुलाखतींच्या पुस्तकात मात्र ‘मृत्यूचा प्रसंग’ हे शब्द त्याच्या तोंडून निसटले. २०२१ साली त्याने खुलासा केला की आधी टोनी बैठकीसाठी बोगद्यातून न्यूयॉर्ककडे जातो आणि तिथे त्याचा शेवट होतो असं योजलं होतं. पुढे रस्त्याने जाताना एक छोटं हॉटेल दिसलं आणि टोनीचं जे व्हायचं ते अशा जागी व्हावं, असं त्याच्या मनात आलं. बऱ्याच लोकांनी यावर ‘चला, निकाल लागला’ म्हणून पुस्तक मिटलं. माझ्या मते हा निकाल २००७मध्येच द्यायला नको होता आणि चेसने तो दिला नाही, हेच त्याचं मोठेपण.

दरम्यान प्रसंग लोकांच्या मालकीचा झाला होता. १९ जून २००७ला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांत, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराने त्याची नक्कल असलेली चित्रफीत काढली. बिल क्लिंटन अनियन रिंग्ज शोधतात, टेबलावर गाजरं असतात, मुलगी गाडी लावत असते आणि पडदा काळा होतो. सप्टेंबरमध्ये चेसला याच भागाच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. टोनीचं काम करणारा जेम्स गँडॉल्फिनी १९ जून २०१३ रोजी रोममध्ये अचानक गेला, आणि त्यानंतर बरेच लोक हा प्रसंग पुन्हा बघायला गेले. मार्च २०२४मध्ये होल्स्टेन्सने ते टेबल-बाकड्यांचं बूथ लिलावात काढलं, तेव्हा त्याला ८२,६०० डॉलर मिळाले.

आज हा भाग पहिल्यांदा बघणाऱ्याची अडचण वेगळी आहे. ओटीटीवर खालची पट्टी सांगते की अजून किती मिनिटं उरलीत, त्यामुळे काळोख कधी येणार याचा अंदाज आधीच येतो. चित्र अडकलं तर मध्यभागी गोल फिरणारी खूण दिसते, ती दिसली नाही म्हणजे बिघाड नाही हे लगेच कळतं. आणि नावं सुरू होताच चित्र कोपऱ्यात आक्रसून दुसऱ्याच मालिकेची जाहिरात झळकते, म्हणजे ती मुकी श्रेयनामावली, जी या भागाचाच हिस्सा आहे, बघायलाच मिळत नाही. यावर करता येण्यासारखं थोडं आहे. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढचं लावण्याची सोय आधी बंद करावी. फोनवर बघू नये. टीव्हीवर, खोली अंधारी करून बघावं. आवाज नेहमीपेक्षा दोन घरं वर ठेवावा, म्हणजे प्लेटांची किणकिण आणि गप्पा कानात भरतात आणि त्या जाणं जाणवतं. सबटायटल चालत असतील तर ती शेवटच्या पाच मिनिटांपुरती बंद करावीत, कारण गाण्याच्या ओळी आधीच वाचल्या की तुटणं बोथट होतं.

आणि सगळे ८६ भाग बघायला सवड नसेल तर निदान एवढे तरी आधी बघावेत: पहिल्या सीझनचा पहिला आणि शेवटचा, सहाव्याचा पहिला भाग ‘मेंबर्स ओन्ली’, नावेतल्या संभाषणाचा ‘सोप्रानो होम मूव्हीज’, सिल्व्हिओच्या जेवणाचा ‘स्टेज फाइव्ह’ आणि शेवटून दुसरा ‘द ब्लू कॉमेट’. या सहांनंतर शेवटचा भाग लावला तर जॅकेट, होडी, घंटी यांचे धागे हाताला लागतात, आणि एजेचं ते वाक्य कुठून आलं हेही कुणी सांगायची गरज राहत नाही.